चार दात आणि एक क्लॅरोनेट

ज्येष्ठात लग्नाचे मुहूर्त आटोपले आणि सरांनी वरचे समोरचे चार दात काढून घेतले. हिरड्या कित्येक वर्षं सुजत होत्या, जोडीला मधुमेह होता, दात हलायला लागूनही वर्ष उलटलं होतं. दवाखान्यात हे काम अर्ध्या तासात झालं. पण सर क्लॅरोनेट वाजवतात, आणि पस्तीस वर्षं त्यांचं घर त्यावर चाललं आहे. हे वाद्य ओठांनी वाजतं असं बघणाऱ्याला वाटतं. त्याचा सगळा तोल खरं तर वरच्या दातांवर असतो.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकले. त्या वर्षी जवळजवळ रोज संध्याकाळी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी जात होते, त्यांच्या वह्यांच्या नकला करून देत होते. म्हणून पुढचं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे. नाव घालायचं नाही या अटीवर त्यांनी लिहायला होकार दिला. सनई, बासरी, क्लॅरोनेट, ट्रम्पेट, फुंकून वाजवणाऱ्या पुष्कळांना दातांचं दुखणं कधी ना कधी गाठतं, आणि आपल्याकडे वादक ते लपवतात. काम जाईल या भीतीने लपवतात. सरांनीही वर्षभर लपवलं होतं.

घराणं म्हणावं असं काही

सरांचे आजोबा बडोदा संस्थानच्या बँडात होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ साली, मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. संगीत वर्गात बसून, पुस्तकातून, लिपीतून शिकवता येतं हे त्यांनी करून दाखवलं, स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं काढली. त्यांचे चिरंजीव अल्लाउद्दीन खाँ पठाण लंडनला पाश्चात्त्य संगीत शिकून आले. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच, भातखंड्यांच्या पुढाकाराने. म्हणजे ज्या गावात फैयाज खाँ दरबारात गात होते, त्याच गावात कमाटीबागेतल्या बँडस्टँडवर क्लॅरोनेट आणि कॉर्नेट वाजत होते, आणि दोन्ही गोष्टी राज्याच्या पैशाने चालत होत्या. बडोदेकराला याचं नवल वाटत नाही. मला अजून वाटतं.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. गायनशाळा नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली आणि सुरसागराच्या काठावर आजही उभी आहे. आजोबा मात्र लग्नाच्या बँडात गेले. त्यांचा जुना तेरा कळांचा क्लॅरोनेट सरांकडे आला. आजच्या बोएम पद्धतीच्या वाद्यावर कळांचं जाळं जास्त असतं. या जुन्या बनावटीत बोटाखाली उघडी भोकं जास्त, त्यामुळे बोट हळूहळू सरकवून सूर ओढता येतो. आपल्याकडच्या बँडवाल्यांना म्हणूनच ते आवडतं. सांध्यांवरचा कॉर्क केव्हाच झिजला, तिथे सर मेण लावलेला दोरा गुंडाळतात.

सरांचं काम तीन ठिकाणी वाटलेलं होतं. लग्नसराईत बँड आणि नवरात्रात गरब्याचा ऑर्केस्ट्रा, हे पहिलं. वर्षाच्या कमाईचा निम्म्याहून जास्त भाग त्यातून यायचा. दुसरं म्हणजे शिकवणं: एका शाळेत आठवड्यातून तीन दिवस, बाकी घरी. तिसरं चाली बांधणं: स्नेहसंमेलनाची गाणी, मराठी एकांकिकांचं पार्श्वसंगीत, दरवर्षी दोनतीन नवे गरबे. बँडमधली मंडळी त्यांना मास्तर म्हणत, आम्ही सर. शास्त्रीयवाले मात्र बँडवाला म्हणत. एका संगीतसभेने त्यांना उद्घाटनाची स्वागतधून वाजवायला बोलावलं, आणि धून संपल्यावर बसायला खुर्चीसुद्धा विचारली नाही. सर मागे भिंतीला टेकून तीन तास ऐकत उभे राहिले. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, काकूंनी सांगितलं.

दात नेमके कशाला लागतात

माउथपीस म्हणजे तोंडात धरायचं टोक, त्याच्या खालच्या अंगाला बोरूची पातळ पट्टी, म्हणजे रीड, बांधलेली असते. खालचा ओठ खालच्या दातांवर आत वळवायचा, त्याची गादी रीडखाली येते. वरचे दात थेट माउथपीसच्या उतारावर टेकतात. वाद्याचं वजन उजव्या अंगठ्यावर असतं, पण ते डुगडुगत नाही ते वरच्या दातांमुळे. आणखी एक गोष्ट आहे जी वादकालाच कळते. कंपन दातांतून कवटीत चढतं. वाजवणाऱ्याला स्वतःचा सूर कानाइतकाच हाडातून ऐकू येतो.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या होत्या. ब्रिज बसवायचा तर शेजारचे दात मजबूत हवेत, ते नव्हते. इम्प्लांटला जबड्याचं हाड पातळ झालेलं, साखर वर-खाली होत असलेली, वर कित्येक महिने थांबायचं आणि खर्चही झेपणारा नाही. उरली काढता-घालता येणारी कवळी. ती तीन महिन्यांनी, हिरड्या भरून आल्यावर पक्की झाली.

चार नवे दात एका ओळीत, दिसायला सुरेख. गोची नेमकी तिथे होती. सरांचे मूळचे दोन मोठे दात एकमेकांवर किंचित चढलेले होते आणि मध्ये एक खाच होती. माउथपीस पस्तीस वर्षं त्या खाचेत बसत आला होता. नव्या सरळ दातांवरून तो घसरायला लागला. दवाखान्याचा यात काहीच दोष नाही, त्यांनी चांगलं काम केलं. काढण्याआधी दातांचा ठसा घेऊन ठेवला असता तर नवे दात त्याच बेढब आकाराचे करून मिळाले असते. ते कुणाला सुचलं नाही. सर वाद्य घेऊन दवाखान्यात गेलेच नव्हते, संकोच वाटला. डॉक्टरांना समोरच्या पेशंटचा व्यवसाय काय, हे कवळी बसवून झाल्यावर कळलं.

दुसरी अडचण तरफेची. कवळीच्या समोरच्या भागावर खालून दाब आला की मागचा भाग टाळूपासून सुटतो. जेवताना माणूस दाढेने चावतो, म्हणून निभतं. क्लॅरोनेटचा सगळा दाब पुढे, आणि तोही तासन्‌तास.

नवरात्र

इथे सरांचं चुकलं आणि माझंही.

त्यांचं असं की गरब्याची बिदागी आगाऊ घेतलेली होती, त्यातून कवळीचे पैसे भागवले होते. पक्की कवळी लागून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. चिकटवायची पेस्ट लावून ते पहिल्या रात्री स्टेजवर बसले. बडोद्याचा गरबा म्हणजे हजारो माणसं गोल फिरत असतात, लय रात्री चढतच जाते, आणि वाजवणाऱ्याला मधे थांबायची सोय नसते. दुसऱ्या रात्री त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं. तिसऱ्या रात्री तार सप्तकात सूर दोनदा फाटला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेल्या रात्रींचे पैसे परत नेऊन दिले. त्यांच्या जागी कीबोर्डवाला बसला, त्यात क्लॅरोनेटचा आवाज होता. हिरडीवरची जखम भरायला दिवाळी उजाडली.

माझी चूक वेगळी. दिवाळीनंतर मी त्यांना म्हटलं, "सर, आता फुंकायचं सोडा. कीबोर्डचे क्लास घ्या, पोरं रांगा लावतील." मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. हिशेबाने बरोबरही होतं, शाळेनेही नेमकं तेच सुचवलं होतं. सर काही बोलले नाहीत. काकूंनी चहा दिला, मी प्यायले, निघाले. दुसऱ्या दिवशी गेले तर ते वाद्य उघडून एकेक सांधा पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मला माझा आवाज डोक्यात येत नाही गं. बाहेरून येतो. दुसरंच कुणीतरी वाजवतंय असं वाटतं."

ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, कारण मला त्यातून पहिल्यांदा खरी अडचण दिसली. दुखणं, घसरणं, लाज, हे सगळं होतंच. पण हाडातून येणारा आवाज बंद झाला होता. मधे कवळीचं प्लॅस्टिक आलं होतं. आपला सूर बिघडलाय असं समजून ते जास्त चावत होते, चावल्यामुळे रीड दबत होती, रीड दबली की सूर खरोखर चढा आणि बारीक होत होता. मी त्यांना गच्चीवर नेलं, फोन कठड्यावर ठेवला, पाच मिनिटं फक्त मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, लांब सूर वाजवून घेतले. मग दोघांनी ऐकले. सूर पातळ होता, पण लागत होता. सरांनी ते तीनदा ऐकलं. त्या दिवसापासून महिनाभर त्यांनी फोनवर ऐकल्याशिवाय स्वतःच्या सुराबद्दल मत दिलं नाही.

दोन्ही ओठ

पुढची वाट सनईने दाखवली. बडोदे दरबारचे सनईवादक गणपतराव वसईकर यांचं नाव आजोबांच्या तोंडी असायचं, आणि सनईला दात लागत नाहीत हे आजोबा नेहमी सांगायचे. सर एके संध्याकाळी म्हणाले, "वरचाही ओठ आत घेऊन बघू का?"

मी घरी जाऊन शोधलं तेव्हा कळलं की ही काही नवीन गोष्ट नाही. क्लॅरोनेट अठराव्या शतकाच्या तोंडाशी जर्मनीत न्यूरेंबर्गला डेनरच्या कारखान्यात आकाराला आला. सुरुवातीला रीड वरच्या अंगाला ठेवून, वरच्या ओठाने वाजवणारेही पुष्कळ होते. दोन्ही ओठ आत वळवून वाजवायची रीत तर पुढेही टिकली. बॉस्टन सिंफनीचे हॅरॉल्ड राइट तसेच वाजवत, आणि त्यांच्या सुराचा गोडवा जगभरचे क्लॅरोनेटवाले मानतात. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सावरून बसले. आपण करतोय ती पांगळ्याची काठी नाही, एक रीतसर पद्धत आहे, एवढं कळणं त्या वेळी त्यांना फार गरजेचं होतं.

त्यांनी जे केलं ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात लिहिते. रीड तीन नंबरची, जरा कडक वापरत, ती उतरवून दोन नंबरची, मऊ केली. पहिले पंधरा दिवस अख्खं वाद्य जोडलंच नाही, माउथपीस आणि त्याखालचा लहान तुकडा एवढ्यावर एकच सूर धरायचा. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. सहाव्या मिनिटाला ओठांच्या कोपऱ्यांतून हवा सुटायची आणि ती सुटली की थांबायचं, रेटायचं नाही. माउथपीसवर रबराची पातळ पट्टी चिकटवली, कवळीचे दात वरच्या ओठाला आतून कापू नयेत म्हणून ओठ आणि दात यांच्यामध्ये मऊ कागदाची घडी ठेवून पाहिली, ती पटली नाही, काढून टाकली. कवळीची समोरची धार डॉक्टरांकडून घासून गोल करून घेतली. या खेपेला सर वाद्य घेऊन गेले, आणि डॉक्टरांनी खुर्चीत बसवून त्यांना वाजवायला लावलं. दवाखान्यात बाकीचे पेशंट दाराशी येऊन उभे राहिले होते.

दोन्ही ओठ आत घेतले की जबडा चावू शकत नाही, चावलं तर ओठालाच लागतं. म्हणून घसा मोकळा राहतो, सूर गोल होतो. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं! जी मींड काढायला सर आधी जबड्याशी झटत असत, ती आता ओठ जरा सैल सोडला आणि बोट भोकावरून हळू सरकवलं की यायला लागली. माघातल्या एका संध्याकाळी त्यांनी मारवा रागातला धैवत कोमल रिषभावर आणून सोडला तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ओढून आणलेला नव्हता, घरंगळत आला होता तो.

पण याची किंमत आहे. वरच्या दातांचा आधार गेला म्हणजे उभ्याने वाद्य तोंडात हलतं. चालताना तर अशक्यच. वरातीपुढे वाजवणं तिथेच संपलं. क्लॅरोनेटची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर. मांडी घालून बसलं की त्याचा कर्णा बरोबर पायाच्या घोट्यावर टेकतो आणि वाद्य स्थिर राहतं. पस्तीस वर्षं रस्त्यावर चालत वाजवलेला माणूस त्यामुळे सतरंजीवर बसला. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी आणि हिंदुस्थानी पद्धतीत रायचूरच्या नरसिंहलू वडवाटी यांनी क्लॅरोनेट मैफलीच्या मध्यभागी बसवला, तो फार विचारपूर्वक आणि मेहनतीने. सरांना दातांनी बसवलं. पण एकदा बसल्यावर त्यांनी केलेली मेहनत काही कमी नव्हती.

शिकवणं बदललं

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती इथून पुढची.

सर आधी कसे शिकवत? वाजवून. "ऐक आणि वाजव." चुकलं की पुन्हा वाजवायचे, आणखी हळू. शब्द जवळजवळ नाहीतच. आम्ही त्यांच्याकडून खूप घेतलं, पण काय घेतलं ते आम्हाला सांगता येत नव्हतं. दिवाळी ते होळी त्यांना आमच्यापुढे धड वाजवता येत नव्हतं, आणि घरी नऊ मुलं येत होती.

क्लॅरोनेटचा एक पेच आहे. बासरीत जोरात फुंकलं की तोच सूर एका सप्तकाने वर जातो. क्लॅरोनेटची नळी सरळ आणि एका टोकाला बंद, त्यामुळे डाव्या अंगठ्याची कळ दाबली की सूर सप्तक आणि वर पंचम इतका उडी मारतो. मंद्र सा ची बोटं ठेवून कळ दाबा, मध्य पंचम येतो. मधले सूर भरून काढायला नळीच्या वरच्या टोकाची दोनतीन भोकं आणि कळा वापरायच्या. ते सूर घशातल्यासारखे, फिके लागतात. आणि त्यांच्या लगेच पुढचा सूर सगळी बोटं एकदम खाली ठेवून येतो. जवळजवळ रिकाम्या हातांवरून एकदम भरलेल्या हातांवर. शिकणारा प्रत्येक जण इथे किंचाळतो. वर्षभर किंचाळतो.

दहा वर्षांची एक मुलगी तिथेच अडली होती. आधीच्या दिवसांत सरांनी तो टप्पा शंभरदा वाजवून दाखवला असता. त्या दिवशी त्यांनी वाद्य तोंडाला न लावता फक्त बोटं चालवली. खोलीत आवाज नाही, कळांची टकटक तेवढी. मुलगी बघत होती. आणि एकदम म्हणाली, "सर, तुमची उजवी बोटं आधीच खाली आहेत."

सरांनी हात थांबवला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. फिके सूर वाजवताना उजव्या हाताची भोकं बंद ठेवली तरी सुराला काही होत नाही. म्हणजे ती बोटं आधीच बसवून ठेवायची, उडीच्या क्षणी फक्त डावा हात भरायचा. पाश्चात्त्य शिक्षक हे मुद्दाम शिकवतात. सर ते पस्तीस वर्षं करत होते आणि त्यांना ठाऊक नव्हतं. आवाज असता तर मुलीचं लक्ष आवाजाकडे गेलं असतं, हाताकडे गेलं नसतं.

त्या रात्री त्यांनी पहिल्यांदा वहीत धड्यासारखं काही लिहिलं. भातखंड्यांच्या स्वरलिपीत सूर, आणि ज्या सुरापासून उजवा हात खाली ठेवायचा त्याच्या खाली शिसपेन्सिलीची आडवी रेघ. मग श्वासाची खूण आली. मग रीड चावू नये तिथे एक छोटं वर्तुळ. मौलाबक्षांच्या गावात, कागदावर संगीत शिकवायच्या कल्पनेला एवढी वर्षं झाल्यावर, दांडिया बाजारातल्या एका बँडवाल्याने स्वतःच्या हाताचं जे काही होतं ते असं कागदावर आणलं. मला त्या पानाची नक्कल करताना हात जपून चालवावासा वाटला.

दोन भूप

चाली बांधणंही यातूनच फिरलं. आधी सर वाजवता वाजवता चाल बांधत, म्हणजे बोटांना जे सोपं ते चालीत येई. आता बोटं आणि ओठ एकत्र नव्हते, चाल डोक्यात आणि कागदावर बांधावी लागली. त्या महिन्यांत त्यांनी नवशिक्यांसाठी दोन गती, म्हणजे वाद्यावर वाजवायच्या रचना, लिहिल्या, दोन्ही भूप रागातल्या. मी त्यांना फार मोठ्या मानते, त्या का ते सांगते.

पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या क्रमाने मोजून सूर सांगतात, पांढरी एक, काळी पाच असे. बी-फ्लॅट क्लॅरोनेटवर, म्हणजे नेहमीच्या क्लॅरोनेटवर, वादकाच्या बोटांची पांढरी एक, पेटीच्या काळी पाचला बोलते. म्हणजे पेटीच्या पट्टीपेक्षा बोटं दोन अर्धस्वर वर ठेवावी लागतात. गायकाने काळी एक सांगितली की सर बोटांनी काळी दोन धरतात. बँडमधल्या प्रत्येकाला हे पाठ असतं, पण ते हिशेब म्हणून. सरांनी त्याचा रचनेसाठी उपयोग केला.

पहिल्या गतीत षड्ज पेटीच्या पांढरी चारला ठेवला. त्यामुळे मंद्र धैवतापासून तार रिषभापर्यंतचे भूपाचे सगळे सूर त्या पेचाच्या खालीच राहतात. ध सा रे ग प ध सां रें, एकदाही उडी मारावी लागत नाही. दोन महिन्यांत मुलाला अख्खा राग वाजवल्याचा आनंद मिळतो, एकही किंचाळी न येता.

दुसऱ्या गतीत तोच भूप, षड्ज काळी पाचला. आता पेच येतो मध्य धैवत आणि तार षड्ज यांच्यामध्ये. पण भूपात तिथे निषाद नाहीच! राग स्वतःच तिथे उडी मारतो. ऐकणाऱ्यालाही ती उडी हवी असते. सरांनी धैवतावर दीड मात्रा दिली, त्याखाली पेन्सिलीची रेघ, म्हणजे उजवा हात बसवायला सवड, आणि मग सां. वाद्याचा अवघड सांधा आणि रागाचा सुंदर सांधा एकाच जागी आणून ठेवला. त्या दहा वर्षांच्या मुलीने तो तिसऱ्या प्रयत्नात स्वच्छ घेतला.

मला राहून राहून जर्मन संगीतकार ब्राम्सची गोष्ट आठवते. १८९० च्या सुमाराला आपलं लिहून झालं असं त्याने ठरवलं होतं. १८९१ साली त्याने माइनिंगेनच्या रिचर्ड म्यूलफेल्डचा क्लॅरोनेट ऐकला आणि पुन्हा लिहायला बसला. त्याच वर्षी ट्रायो आणि क्विंटेट, १८९४ ला दोन सोनाटा. या वाद्याच्या खालच्या सप्तकात माणसाला पुन्हा कामाला लावायचं काहीतरी आहे. सरांच्या नव्या गतीही बहुतेक खालीच राहतात. थोडं कारण असं की दुहेरी ओठ वर लवकर थकतो. पण तेवढंच नाही. खाली त्यांना आता स्वतःचा आवाज पुन्हा ऐकू येतो, दातांतून नाही, मांडीवर टेकलेल्या हाताच्या हाडातून, असं ते म्हणतात.

आता

लग्नाचा हंगाम गेला तो गेला. पहिल्या वर्षी घरात ओढाताण झाली, काकूंनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या, ती गोष्ट वगळून हे प्रकरण लिहिणं खोटं होईल. शाळेतला वाद्यवर्ग बंद झाला आणि त्या जागी कीबोर्ड आले. सरांनी तिथलं काम सोडलं. घरी मुलं नवाची चौदा झाली. नवरात्रात सर वाजवत नाहीत, दोन ऑर्केस्ट्रांना चाली लिहून देतात आणि त्याचे पैसे आता वेगळे, वेळेवर घेतात. गेल्या गणपतीत दांडिया बाजारातल्या एका वाड्यात त्यांनी पाऊण तास वाजवलं. मारवा, मग भूपातली ती दुसरी गत, मुलांबरोबर. वाद्याचा कर्णा घोट्यावर, समोर साठेक माणसं, सगळी बसलेली. पूर्वी त्यांच्याबरोबर वरातीत ढोल वाजवणारे दोघे मागे उभे होते, सरांनी वाजवायच्या आधी त्यांना खूण करून पुढे बसवलं.

नव्या विद्यार्थ्याला सर पहिल्या आठवड्यात वाद्य देत नाहीत. आधी त्याला आईवडिलांसह त्याच दवाखान्यात पाठवतात आणि दातांचा ठसा घ्यायला लावतात. प्लॅस्टरचा साचा तयार झाला की तो घरी आणायचा, त्यावर पेन्सिलीने नाव आणि तारीख घालायची. खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात वरच्या फळीवर रीडचे डबे आहेत, खालच्या फळीवर हे साचे ओळीने मांडलेले आहेत. डावीकडून तिसरा माझा.